राखलेला वाटा

टेंभरपाड्यात वाट्याचा कायदा सरकारी कायद्याहून जुना आहे आणि त्याच्याहून कडकही. वैशाखात गावतळं आटलं की सगळे मिळून त्यातली मासळी धरतात आणि घराप्रमाणे ढीग लावतात. जे घर त्या दिवशी गावात नसेल त्याच्याही नावाचा ढीग लागतो आणि त्यावर बांबूची पाटी, म्हणजे टोपली, उपडी घालतात. पाटीवर एक धोंडा. झालं. मग मांजर येवो की मामलेदार, त्या पाटीला कुणी बोट लावत नाही. घरवाला येणारच नाही असं नक्की झालं, तर गावातली थोरली बाई पाटी उताणी करते, आणि तिथून पुढे तो वाटा कुणाचाच राहत नाही. एका साली गावातल्या भगवंताचा भाऊ बायकोमुलांसह उल्हासनगरला गेला तो तिकडचाच झाला. तीन दिवस सगळं गाव नाकाला पदर लावून त्या पाटीशेजारून गेलं, पण चौथ्या दिवशी गावातली थोरली गोजरबाई आली तेव्हाच पाटी हलली. असं हे हट्टी गाव, आणि रघू याच गावचा. तो कसा अडकला हे कळायचं तर ही पाटी ध्यानात ठेवावी लागेल.

दोन हजार सातच्या थंडीत एका कंपनीचे गुरुदत्त साहेब जीप घेऊन गावात आले. कंपनीला कुळगावातून आनंदनगरच्या कारखान्यांपर्यंत जमिनीखालून काचेची तार न्यायची होती, आणि जवळची वाट टेंभरपाड्याच्या मधून जात होती. गाव शाळेच्या पडवीत जमलं. साहेबांनी सांगितलं, तार केसाएवढी बारीक असते, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडातून इंटरनेट येतं.

"वर बारा तास लाइट नाय," गोजरबाई म्हणाली, "आणि जमिनीखालून उजेड धावणार. बरं हाय!"

गाव हसलं, साहेबही हसले. पण हसून जमीन मिळत नसते. लोक उठून जायला लागले तेव्हा रघू पुढे झाला. रघू तेव्हा ठेकेदाराकडे चर खणायच्या कामावर होता आणि त्याची जीभ गोड होती. त्याने घरोघरी जाऊन समजावलं. वायर आपल्या दारातून जाणार तर आपल्याला मिळणारच, मुलांना शिकायला मिळेल, दाखले काढायला तालुक्याला पळायला नको. मी आहे ना मध्ये, असं तो प्रत्येक दारात म्हणाला. शेवटचं दार गोजरबाईचं, म्हणजे त्याच्या विधवा चुलतीचं होतं. तिचा कापा फणस नेमका चराच्या आड येत होता. तिने रघूकडे बराच वेळ पाहिलं.

"तू सांगतंस ना? मंग तोडा," ती म्हणाली.

फणस पडला त्या दिवशी ती घराबाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र येऊन खुंटापाशी कामगारांना चहा देऊन गेली.

खुंटाजवळ कातळ लागला. इतरत्र छातीएवढा खोल चर, तिथे जेमतेम कोपराएवढा. ठेकेदाराच्या माणसांनी इकडेतिकडे पाहून तार तशीच उथळ घातली आणि माती लोटली. रघूने ते पाहिलं होतं. खुंटापासून पुढे आठ-दहा हातांवर त्यांनी सिमेंटची चौकोनी टाकी बांधली, माणूस कंबरभर उतरेल एवढी. तिला ते चेंबर म्हणत. तिच्यात काळ्या तारेची वीसेक मीटरची वेटोळी गुंडाळून ठेवली आणि वर जाड झाकण घातलं.

रघूने विचारलं, "साहेब, ही एवढी कशाला ठेवली?"

साहेब फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवला. "असू दे. लागेल तेव्हा कामाला येईल. तुमच्याच गावात ठेवलीय ना?"

आता दुसऱ्या गावचा माणूस असता तर त्याने मान हलवली असती आणि विसरला असता. पण टेंभरपाड्याच्या माणसाने झाकून ठेवलेली वस्तू पाहिली की त्याला एकच गोष्ट सुचते. रघू धावत गावात गेला आणि ओरडून सांगितलं, कंपनीने आपला वाटा राखला. संध्याकाळच्या आत गोजरबाई हळदकुंकू, नारळ आणि घरातली जुनी पाटी घेऊन आली. नारळ फुटला, झाकणावर पाटी उपडी पडली, पाटीवर धोंडा बसला. गुरुदत्त साहेबांनी गंमत म्हणून मोबाइलवर फोटो काढला. त्यांनी तेव्हाच खरं काय ते सांगायला हवं होतं. पण काम सुरळीत चाललंय तर कशाला बोला, असा हिशेब करणारी माणसं साहेब होतात.

रघूला बक्षीस म्हणून नोकरी मिळाली. तारेवर चालायची. म्हणजे रोज सकाळी कुळगावातून निघायचं, सात-आठ किलोमीटर तारेच्या वरून चालत आनंदनगरपर्यंत जायचं, कुठे कुणी खणत असेल तर हटकायचं, जेसीबी दिसला तर साहेबांना फोन लावायचा. अंगात नारिंगी जाकीट, हातात काठी, खिशात कंपनीचा मोबाइल. आनंदनगरच्या फाटकापाशी वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही होती. तिच्यात तारीख घालून 'मार्ग ठीक' असं लिहायचं आणि सही करायची. पहिले काही महिने रघूने ते दोन शब्द असे काढले की शाळेतल्या गुरुजींनी पाठ थोपटली असती.

घरात आनंद होता तो तेजलला. तेजल रघूची एकुलती मुलगी. बारावी झालेली, बदलापुरात जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात केलेली. गावातल्या बाकीच्या मुलींना कुळगावपर्यंतसुद्धा कुणी एकटं सोडत नव्हतं. म्हणून तेजलने ठरवलं की गावातच केंद्र काढायचं. शाळेची मागची खोली तिने आणि तिच्या आईने, मालिनीने, दोन दिवसांत चुना लावून पांढरी केली. बायकांच्या बचत गटाने उल्हासनगरच्या बाजारातून जुना कॉम्प्युटर आणला. दुकानदार सिंधी होता. "ले जाओ बेटी, फर्स्ट क्लास मशीन है, बस नेट लगाना और मजा करना," म्हणून त्याने वर एक माउसही फुकट दिला. सहा मुलींनी नावं नोंदवली. त्या दर शनिवारी येऊन कीबोर्डवर बोटं बसवत आणि वीज गेली की पत्ते खेळत. नेट तेवढं यायचं बाकी होतं, आणि ते तर शंभर पावलांवर पाटीखाली राखलेलं होतं.

दिवाळीत जितेश आला. जितेश हेंद्रेपाड्याचा, तारेचे जोड मारणारा कारागीर. तुटलेली काच काचेला चिकटवायची त्याची पेटीएवढी मशीन असे आणि तो तिला लेकरासारखा जपे. कुळगावच्या बाजूला एक जोड तपासायचा होता, रघू मदतीला होता. काम झाल्यावर चहा पिताना रघूने सहज विचारलं की आमच्या गावचा वाटा कधी जोडणार.

"कसला वाटा?"

रघूने सांगितलं. जितेशने कप खाली ठेवला. आधी त्याला हसू आलं, मग रघूचं तोंड पाहून ते मावळलं.

"काका, ती सुट्टी वायर आहे. प्रत्येक चेंबरमध्ये असते. कुठे तुटली तर ओढून घ्यायला. तिची दोन्ही टोकं पुढेमागे चालूच आहेत. गावाचं त्यात काय पण नाय. गावाला द्यायचं तर वेगळी मशीन बसवावी लागते, वेगळं सँक्शन लागतं. इथे वर्षभरात तर कागदावर पण नाय बघितलं मी."

रघू दुसऱ्या दिवशी कुळगावच्या ऑफिसात साहेबांसमोर उभा राहिला. साहेब वाईट बोलले नाहीत, तेच जास्त वाईट. गावासाठी अर्ज वर पाठवतो म्हणाले, वर्ष लागेल, दोन लागतील, सांगता येत नाही म्हणाले. "पण गावात आत्ता काही बोलू नकोस. लोक बिथरले आणि वायर उकरली तर आनंदनगरचे चाळीस कारखाने बंद पडतील. तुझ्या हद्दीत तार तुटली तर पहिला तू जाशील. कळलं?"

रघूला कळलं. त्याला सगळंच कळलं, आणि तिथून तो अडकला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गावाला खरं सांगावं तर गाव पहिला प्रश्न विचारेल, फणस कुणाच्या शब्दावर पाडला? शिवाय नोकरी जाणार ती जाणारच. न सांगावं तर रोज त्याच झाकणावरून चालायचं. पूर्वी तो तिथे थांबून पाटीला हात जोडायचा. आता तो वाट वाकडी करून जाऊ लागला. लोक विचारत, काय रघू, कधी? तो म्हणे, वर कागद गेलाय. गोजरबाईने संक्रांतीला पाटीवर तिळगूळ ठेवला. तो मुंग्यांनी नेला आणि तिला शुभशकुन वाटला.

माणसाने खोटं बोलावं पण त्याला जागा तरी ठेवावी. रघूचं गाव एवढंसं आणि खोटं एवढं मोठं, की कुठल्याही बाजूने चाललं तरी तो त्यालाच येऊन धडकत होता. मालिनीने दोनदा विचारलं, जेवण का जात नाही. तो म्हणाला, चालून चालून भूक मरते.

आणि मग माघातला तो शुक्रवार आला. अंबरनाथच्या एका कॉम्प्युटर क्लासने तेजलला शिकवायला बोलावलं होतं. तिचे बदलापूरचे सर तिथे गेले होते, त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं. जागा एकच होती आणि शनिवारी हो की नाही ते कळवायचं होतं. दुपारी रघू चालून आला, पाय धुऊन ओटीवर बसला, तशी ती समोर येऊन बसली.

"बाबा, मला उद्या सांगायचंय. ते थांबणार नाय. चांगली जागा आहे. पण मी गेली की इथल्या सहा जणी गेल्या, त्यांना कोण शिकवणार? तू रोज त्या वायरवर चालतोस, साहेबाशी बोलतोस. मला एकच सांग. नेट येणार आहे का नाय? तू बोललास येणार, तर मी अंबरनाथला नाही सांगते. विषय संपला."

नाही हा शब्द रघूच्या तोंडात तयार होता. त्याने ओठही उघडले. तेवढ्यात अंगणातून गोजरबाई आली. तिच्याबरोबर भगवंता आणि दोन-चार माणसं होती.

"रघ्या, ऐकलंस का? रविवारी समद्यांनी खणायचं ठरलंय. चेंबरपासून शाळेच्या खोलीपर्यंत चर आपला आपण मारायचा. म्हंजे कंपनीला बहाणाच नको. तिनं नुसतं यावं आणि वाटा जोडून द्यावा."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. तेजल सर्वांत जवळून पाहत होती.

"येणार," रघू म्हणाला. "येणार ना. का नाय येणार?"

भित्रा माणूस दुष्ट नसतो हो, पण नुकसान दुष्टाइतकंच करतो. तेजल रात्रभर आनंदात बडबडत होती आणि हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. शनिवारी सकाळी तिने त्याच्याच मोबाइलवरून अंबरनाथला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. तो शेजारी उभा होता. अजूनही हातातून फोन काढून घेता आला असता. तो काठी घेऊन तारेवर चालायला निघून गेला, आणि आनंदनगरच्या वहीत त्याने लिहिलं, 'मार्ग ठीक'.

रविवारी सगळं गाव उतरलं. घरटी एक माणूस, कुदळ, फावडं, घमेलं. बायकांनी शाळेच्या बाजूने सुरुवात केली, पुरुष मधून सुटले. सहाही मुली माती ओढत होत्या. दुपारपर्यंत चर गोजरबाईच्या खुंटापर्यंत आला. पुढे चेंबर आठ-दहा हातांवर राहिलं होतं. त्या मधल्या जमिनीखाली, कातळावर, कोपराएवढ्या खोलीवर चालू तार होती, आणि हे त्या सगळ्यांत एकट्या रघूला ठाऊक होतं.

"बास," तो म्हणाला. "इथवर पुरे. पुढचं कंपनी करेल."

"चार पावलं राह्यली," भगवंता म्हणाला. "आता कुठं थांबतंस?"

"खाली वायर हाय. नको."

"वायर छातीएवढी खोल घातली, तूच बोलला होतास. आपण गुडघाभर खणतोय."

रघूकडे उत्तर होतं. इथे कातळ लागला म्हणून उथळ घातली, हे एवढंच. पण मग कुणीतरी विचारणार, तू गप्प का राहिलास? मग दुसरं विचारणार, अजून काय काय दडवलंयस? एक धागा ओढला की सगळं उसवणार, आणि तेजल तिथेच घमेलं घेऊन उभी होती. तो पुन्हा नुसता म्हणाला, "नको. थांबा."

भगवंताने कुदळ टेकली. "एक सांग रघू. तू कंपनीचा का गावाचा?"

सगळ्यांची कुदळ-फावडी थांबली. कुणी हसलंही नाही. रघूला वाटलं, आपले कपडे उतरवलेत. त्याने जाकीट काढून खुंटावर टाकलं आणि भगवंताशेजारी पडलेली पहार उचलली. मीच खणतो, म्हणाला. तारेची रेघ त्याला पाठ होती. तिच्यापासून हातभर अंतर ठेवून उतरत जायचं, चेंबरच्या भिंतीला लागायचं आणि थांबायचं, असा त्याचा बेत होता. पहिले पाच-सहा घाव नीट पडले. सातव्या घावाला पहार कातळावर बसली, घसरली आणि तिरपी होऊन आत गेली. हाताला कळलं. प्लास्टिकचा मऊ आवाज झाला. त्याने पहार ओढली तर टोकाला काळी साल लागून आली, आणि मातीत काचेचे दोन-तीन बारीक केस चमकले.

कुणाला काही समजलं नाही. रघू खड्ड्यापाशी खाली बसला. पाच मिनिटांत त्याच्या जाकिटातला मोबाइल वाजायला लागला आणि थांबेचना.

जीप अर्ध्या तासात आली. साहेब, जितेश आणि ती पेटी. साहेब एका कानाला फोन लावून "हो सर, दोन तास सर, सगळे प्लांट सर," करत होते. त्यांनी फोन खिशात घातला आणि खड्ड्यात पाहिलं, पहारीकडे पाहिलं.

"कुणी मारली?"

रघूने उठायला हात टेकला. पण त्याच्याआधी गोजरबाई पुढे झाली.

"मी मारली."

"तुम्ही? ही पहार?"

"माझी जमीन, माझा खुंट. मी मारली. हा तर सकाळपासून नको-नको करतोय, विचारा कुणालाही."

साहेबांनी भोवताली पाहिलं. भगवंता म्हणाला, "व्हय, काकीनंच मारली." मागून आणखी दोघं व्हय म्हणाले. ज्याला ते मघाशी कंपनीचा म्हणत होते त्याला त्यांनी एका क्षणात आपल्या पंखाखाली घेतलं. रघूला ओरडावंसं वाटलं की नका, माझ्यासाठी नका. टेकलेला हात त्याने काढून घेतला.

साहेब कपाळाला हात लावून विचार करत राहिले. साठीच्या बाईवर केस करून त्यांना गावातून तारेची पुढची वाट बंद करायची नव्हती. "रिपोर्टात अज्ञात जेसीबी लिहितो," ते जितेशला म्हणाले. "आधी चालू कर. इथे कातळावर पुन्हा नको, बाजूने फिरवून खोल टाक. केवढी लागेल?"

जितेशने अंदाज घेतला. "चेंबरमधला लूप, सगळी वेटोळी लागतील, साहेब."

"घे मग. रघू, उतर चेंबरमध्ये."

जितेशने धोंडा बाजूला ठेवून पाटी उचलली, रघूने पहारीने झाकण सरकवलं आणि तो आत उतरला. मागून गोजरबाई ओरडली, "ए! वाट्याला हात लावायचा नाय!"

सगळं गाव दोन पावलं पुढे सरकलं. जितेश पाटी हातात घेऊन तसाच थांबला. "काकी, यात तुमचं काय नाय हो," तो म्हणाला. "ही तुटली की जोडायची वायर आहे. गावाला जोडणी मंजूरच नाय. मी सांगितलं होतं की काकांना. दिवाळीतच."

सांगून झाल्यावर त्याला कळलं की त्याने काय केलं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. रघू तेव्हा चेंबरमध्ये वेटोळ्यावर वाकलेला होता. वर चारही बाजूंनी माणसं होती आणि सगळ्यांचे पाय त्याच्या तोंडाशी होते. त्याने मान वर केली नाही.

"बाबा," तेजलचा आवाज आला. "मी परवा विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

दिवाळीपासून तो ज्या प्रश्नाला घाबरत होता तो हाच. आणि आता कुठे पळायला जागा उरली नव्हती.

"व्हय," तो म्हणाला.

तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"रघू, लूप दे वर. घाई कर," साहेब म्हणाले. तेव्हा रघूने वेटोळ्याच्या गाठी सोडल्या आणि तार एकेक फेरा करून वर द्यायला सुरुवात केली. जितेश ती ओढून चरात सोडत होता. पहिले दहा हात त्याला खणावेही लागले नाहीत, गावाने सकाळपासून खणलेलाच चर कामाला आला. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण गाव नुसतं पाहत होतं. शेवटचा फेरा गेला आणि चेंबर रिकामं झालं. तळाला एक वाळलेलं फणसाचं पान तेवढं होतं.

गोजरबाईने जितेशच्या हातातून पाटी घेतली. सगळ्यांसमोर ती तिने जमिनीवर उताणी ठेवली, क्षणभर तशीच राहू दिली, मग काखोटीला मारून घराकडे निघाली. तिच्यामागे बाकीचे निघाले. आपण मारली हा शब्द तिने परत घेतला नाही. भगवंतानेही घेतला नाही. टेंभरपाड्यात साक्ष फिरवत नाहीत. त्या खोट्या साक्षीवर रघूची नोकरी शाबूत राहिली. साहेब जाता जाता म्हणाले, "वाचलास." चेंबरमधून वर यायला त्याला कुणी हात दिला नाही. तो आपला आपण काठाला धरून चढला, गुडघा फुटला.

सोमवारी तेजलने अंबरनाथला पुन्हा फोन लावला. जागा शनिवारी संध्याकाळीच भरली होती. कॉम्प्युटरवर तिने आईचं जुनं लुगडं घातलं, खोलीला कडी लावली आणि किल्ली शाळेत देऊन आली.

गुरुवारी सकाळी रघू कुळगावातून चालत गावाशी आला तेव्हा तेजल रस्त्यावर उभी होती. हातात डबा होता. आनंदनगरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बायका हव्या होत्या, शेजारणीबरोबर तिने नाव दिलं होतं. शेजारीण आज यायची नव्हती. जवळची वाट एकच, तारेवरची. ती पुढे निघाली आणि हा दहा पावलं मागे. खुंटापाशी, रिकाम्या चेंबरपाशी दोघांपैकी कुणीच थांबलं नाही. सगळ्या वाटेत तिने एकदाही मागे पाहिलं नाही आणि रघूने एकदाही तारेकडे पाहिलं नाही. पाठमोऱ्या मुलीची वेणी तेवढी त्याला दिसत होती.

फाटकापाशी ती थांबली. तो जवळ येईपर्यंत थांबली.

"शुक्रवारी एक शब्द बोलला असतास," ती म्हणाली, "तर मी आज शिकवायला गेली असती."

भोंगा झाला. ती बायकांच्या रांगेत शिरली, पास दाखवला आणि आत गेली. दुरून सगळ्यांच्या डोक्यांना सारख्याच पांढऱ्या टोप्या होत्या, त्यातली तिची कुठली ते त्याला ओळखता येईना. तो पाहत राहिला. केबिनमधून वॉचमनने हाक मारली आणि वही पुढे सरकवली.

रघूने तारीख घातली. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मागे दुसरा माणूस सहीला उभा होता. रघूने लिहिलं, 'मार्ग ठीक', आणि खाली सही केली.